फ्रिट्झ रुमायचा शोध घेताय? आधी घड्याळ तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि २०१६ सालचा मीच समोर बसलोय असं वाटलं. रुमाय या पहिल्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ वैमानिकाच्या मृत्यूच्या दोन गोष्टी सापडतात, एकीत विमानांची टक्कर, दुसरीत गोळ्या. जर्मन आणि ब्रिटिश वेळा काही केल्या जुळत नाहीत. आणि जर्मनीतल्या एका कार्यालयाने "तुमचं त्यांच्याशी नातं काय, पुरावा पाठवा" असं कळवलंय. तिन्ही दुखणी मी भोगली आहेत. फोकर डी-सेव्हन (जर्मन लढाऊ विमान) आणि यास्टा (जर्मन लढाऊ विमानांची तुकडी) हे तुम्हाला माहीत आहेच, म्हणून त्यात जास्त शिरत नाही.

आधीच सांगतो, मी इतिहासकार नाही. बँकेतून निवृत्त झालेला, रात्री जागून जुनी कागदपत्रं वाचणारा माणूस आहे. जर्मन कामापुरतं येतं. चुकत असेन तर जाणकारांनी कान धरावा.

मी यात ओढला गेलो ते वेलिणकरांमुळे. मुंबईचे लेफ्टनंट वेलिणकर ब्रिटिशांच्या २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन विमान उडवायचे. २७ जून १९१८ ला ते बेपत्ता झाले, ३० जूनला जर्मनांच्या ताब्यात असताना वारले, आणि फ्रान्समध्ये हँगार्डला त्यांची कबर आहे. त्या काळात समोरच्या बाजूला कोणकोणते यास्टा होते ते बघता बघता मी यास्टा ५ पाशी पोचलो. क्योनेके, माय आणि रुमाय हे तिघं तिथलेच. त्यातला रुमाय डोक्यातून जाईना. मार्च १८९१ मधला कोनिग्सबर्गचा जन्म, साध्या शिपायापासून सुरुवात, ४५ विजय (म्हणजे पाडलेली शत्रूची विमानं), आणि युद्ध संपायला सहा आठवडे उरले असताना २७ सप्टेंबर १९१८ ला कांब्रेजवळ नव्हिल-सँ-रेमीला पॅराशूट न उघडल्यामुळे मृत्यू.

आता माझी घोडचूक. हिच्यापायी माझे आठ महिने गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तेव्हा मी ज्याला त्याला विचारायचो आणि सगळे एकच सांगायचे: जर्मन घड्याळ ब्रिटिशांच्या एक तास पुढे, तेव्हा जर्मन वेळेतून एक तास वजा करायचा. मी एक्सेलमध्ये सूत्रच टाकून ठेवलं. जर्मन वेळ लिहिली की शेजारच्या रकान्यात ब्रिटिश वेळ आपोआप तयार. काय रुबाब वाटायचा! रुमायच्या शेवटच्या लढाईलाही तेच सूत्र लावलं आणि तासभर आधीच्या, भलत्याच स्क्वाड्रनच्या झटापटीशी त्याचा मृत्यू जुळवून बसलो. जुळतही होतं हो! त्याच दिवशी कनाल द्यू नोरची लढाई सुरू झाली होती, कांब्रेच्या आकाशात विमानांची नुसती गर्दी होती. अशा दिवशी कुठलीही वेळ घ्या, कोणी ना कोणी फोकर पाडल्याचं सांगणारा सापडतोच.

खरी गोष्ट अशी. १९१८ च्या एप्रिलच्या मध्यापासून जर्मन घड्याळ एक तास पुढे होतं, हे बरोबर. पण १६ सप्टेंबरला जर्मनांनी उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत) बंद केली. फ्रान्समध्ये दोस्तांच्या बाजूला ती ६ ऑक्टोबरपर्यंत चालू राहिली. म्हणजे या मधल्या तीन आठवड्यांत दोन्हीकडची घड्याळं एकच वेळ दाखवत होती. २७ सप्टेंबर त्याच तीन आठवड्यांतला. वजा काही करायचंच नव्हतं! रुमायला त्या एका महिन्यात १६ विजय दिलेले आहेत. त्यातल्या पहिल्या पंधरवड्यातल्यांसाठी तास वजा करायचा आणि पुढच्यांसाठी नाही. एकच महिना, एकच माणूस, दोन हिशेब. तुमच्या वेळा जुळत नाहीत त्याचं कारण नव्वद टक्के हेच असणार. (उरलेल्या दहा टक्क्यांत वहीत घाईघाईने चुकीची वेळ लिहिणारे ब्रिटिश कारकून येतात.) वर्षाच्या सुरुवातीलाही असंच आहे, ९ मार्चपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत घड्याळं सारखी होती. हे सगळं एका चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवा.

चूक कशी सापडली? वेलिणकरांच्या जूनच्या वेळा बरोबर बसत होत्या आणि सप्टेंबरच्या अखेरच्या सगळ्याच बिघडत होत्या. एखाददुसरी बिघडली असती तर मी वैमानिकांना दोष देऊन मोकळा झालो असतो. पण दहाच्या दहा बरोबर एका तासाने चुकल्या म्हटल्यावर दोष रकान्यातल्या सूत्राचा असणार, हे बँकेत तीस वर्षं ताळेबंद जुळवलेल्या माणसाला लगेच कळायला हवं होतं. नाही कळलं.

घड्याळ नीट लावलं की मग ब्रिटिशांच्या ३२ नंबरच्या स्क्वाड्रनकडे या. त्यांच्या एस.ई.५-ए विमानांशी रुमायची गाठ पडली. कॅप्टन लॉसनच्या विमानाची धडक रुमायच्या वरच्या पंखाला बसली ही एक हकिकत. त्याच स्क्वाड्रनमधल्या फ्रँक हेल या अमेरिकनाने त्याला पाडलं ही दुसरी. तुम्ही विचारलंय की खरी कोणती. माझं मत विचाराल तर हा प्रश्नच घाईचा आहे. एकाच घोळक्यात दोघांनी दोन फोकर बघितले असतील, किंवा एकाच फोकरच्या शेवटाचे दोन वेगवेगळे क्षण. दोन्ही दावे त्यांच्या त्यांच्या वेळेसकट आणि उंचीसकट शेजारी शेजारी मांडा आणि थोडे दिवस तसेच राहू द्या. मी टक्करीकडे झुकतो. पण पैज लावणार नाही. लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'एअर १' या मालिकेत स्क्वाड्रनचे कागद आणि लढाईचे अहवाल आहेत, ते मुळातून वाचा. कुणीतरी काढलेल्या सारांशावर विसंबू नका, त्यात माझा हा प्रतिसादही आला.

पॅराशूटबद्दल थोडं विषयांतर. जर्मन वैमानिकांना १९१८ मध्ये हाइनेके पॅराशूट मिळू लागलं होतं, ब्रिटिशांना तेही नव्हतं. उडेट हा जर्मन वैमानिक जूनच्या अखेरीस त्याच पॅराशूटने वाचला. रुमाय त्याच पॅराशूटने गेला. "पॅराशूट होतं म्हणजे तो घाबरट" असं लिहिणारे महाभाग नेटवर भेटतात, त्यांच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. मी घातलाय.

आता ते कार्यालय. नाव घेत नाही, माझंही नि तुमचंही एकच होतं की काय कोण जाणे. मी मृत्युनोंदीची प्रत मागितली. चार महिने शांतता. मग पत्र आलं: नात्याचा पुरावा द्या. मी कळवलं की नातं नाही, अभ्यास आहे. आणखी तीन महिने. मग दोन ओळी, त्यातले शब्द "निष्ट त्सुश्टेंडिष", म्हणजे हे आमच्या अखत्यारीत येत नाही. मग कोणाच्या येतं? त्यावर अक्षर नाही. सातबाऱ्यासाठी तलाठी ते तहसील फेऱ्या मारलेल्या माणसाला यात नवीन काही नव्हतं, पण जर्मनीत असं होणार नाही हा माझा भाबडा समज मात्र कायमचा गेला. शिवाय वरून फी कापून घेतली!

तर, तुम्ही हे करा. जर्मनीत २००९ पासून कायदा असा आहे की मृत्युनोंद ३० वर्षांनी, विवाहनोंद ८० वर्षांनी आणि जन्मनोंद ११० वर्षांनी खुली होते आणि ती अभिलेखागाराकडे जाते. १८९१ चा जन्म आणि १९१८ चा मृत्यू, दोन्ही मुदती केव्हाच उलटल्यात. नात्याचा प्रश्नच येत नाही. पत्रात हे एका ओळीत लिहा आणि ते नोंदणी कार्यालयाला न पाठवता अभिलेखागाराला पाठवा. पत्र जर्मनमध्ये, चार ओळींचं, एकच प्रश्न. माझं पहिलं पत्र दोन पानांचं होतं आणि त्यात वेलिणकरांची सगळी कथा होती. कोण वाचणार? कोनिग्सबर्ग आता रशियाचं कालिनिनग्राद आहे, तेव्हा तिथल्या नोंदींचा माग बर्लिनमधूनच काढायला लागा.

लष्करी फाइलच्या मागे मात्र लागू नका. त्या काळी "जर्मन सैन्य" नावाचं एकच दप्तर नव्हतं. बव्हेरियाची कागदपत्रं म्युनिकला, व्युर्टेम्बर्गची स्टुटगार्टला, सॅक्सनीची ड्रेस्डेनला जपलेली आहेत. रुमाय प्रशियाचा (कोनिग्सबर्ग तेव्हा प्रशियात होतं), आणि प्रशियाचं लष्करी अभिलेखागार एप्रिल १९४५ मध्ये पोट्सडॅमवरच्या बॉम्बहल्ल्यात जळालं. संपलं. तुमचा माणूस बव्हेरियन असता तर मी वेगळं लिहिलं असतं, आणि दुसऱ्या महायुद्धातला असता तर बर्लिनच्या बुंडेसआर्खिव्हच्या (जर्मनीच्या केंद्रीय अभिलेखागाराच्या) व्यक्तिविषयक चौकशी विभागाकडे पाठवलं असतं.

उरतात त्या छापील मृत-जखमींच्या याद्या. त्या नेटवर शोधता येतात, पण अक्षरं फ्राक्टुर या जुन्या जर्मन छपाईच्या वळणाची. त्यातला 'वाय' नवख्याला 'एच'सारखा दिसतो, तेव्हा आडनावाची चुकीची रूपंही शोधून बघा. आणि यादीवरची तारीख ही यादी छापल्याची तारीख असते, मृत्यूची नव्हे. कित्येकदा मध्ये महिने गेलेले असतात.

फोटोचं विचारलंत. पूर ल मेरिट हे प्रशियाचं मोठं शौर्यपदक फक्त अधिकाऱ्यांना आणि सोन्याचा लष्करी गुणवत्ता क्रॉस फक्त खालच्या हुद्द्यांना मिळे. दोन्ही मिळालेले वैमानिक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, रुमाय त्यातला एक. पूर ल मेरिट त्याला १० जुलै १९१८ ला मिळालं. म्हणून जुन्या कागदांत त्याला फीत्सेफेल्डवेबेल (खालचा हुद्दा) आणि लॉयटनंट (अधिकारी) अशा दोन्ही हुद्द्यांखाली शोधा, आणि तुमच्याकडच्या फोटोत कॉलरखाली निळा क्रॉस दिसत असेल तर तो फोटो त्याच्या शेवटच्या अकरा आठवड्यांतला. दिसत नसेल तर घाईने "आधीचा" म्हणू नका, क्रॉस न घालताही फोटो काढत असत. लिलावाच्या साइटवर त्याच्या "मूळ" सन्मानपत्राची जाहिरात दिसली तर पाकीट खिशातच ठेवा. मी एकदा एक घेतलंय, ते आता आमच्या दिवाणखान्यात बायकोच्या दृष्टीने माझ्या अकलेचं सन्मानपत्र म्हणून टांगलेलं आहे.

तुमच्या तक्त्यातल्या सप्टेंबरच्या वेळा जर्मन की बदललेल्या, ते कळवा. आणि तो फोटो टाका, जरा मोठ्या आकारात, कॉलर नीट दिसेल असा.