काल्पनिक जगाची ख्रिस्ती सृष्टिकथा आणि तारणकथा: आधी बिघाड ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला राहून तुम्ही मराठीत कल्पनारम्य कादंबरी लिहिताय. त्या जगाच्या मधून एक मोठी नदी वाहते, काठावर माणसं राहतात आणि पाण्यात जळकर नावाची दुसरी जमात. या जगाला स्वतःची सृष्टिकथा आणि तारणकथा, म्हणजे देवाने बिघाडातून केलेल्या सुटकेची कथा, हवी आहे. ती बायबलची नक्कल नको आणि ख्रिस्ती श्रद्धेशी विसंगतही नको. सुरुवात कुठून करायची?

तारणापासून करा. सृष्टिकथा शेवटी लिहा.

बहुतेक लेखक उलट क्रमाने जातात. पहिला अंधार, पहिला प्रकाश, तारे, देवदूतांच्या श्रेणी हे सगळं हौसेने लिहून होतं आणि दोनशे पानांनंतर तारणारा आणायची वेळ आली की त्याला करायला काही उरलेलं नसतं. तो येतो, मरतो, उठतो. पण त्याच्या मरणाने नेमकं काय दुरुस्त झालं, हे कुणालाच सांगता येत नाही. चौथ्या शतकात नाझियान्झसचा ग्रेगरी या धर्मचिंतकाने क्लेदोनियस नावाच्या पाद्रीला लिहिलेल्या पत्रात यावरचं सूत्र सांगून ठेवलंय: जे धारण केलं गेलं नाही, ते बरं झालं नाही. ख्रिस्ताने मानवी मनही धारण केलं की नाही, असा तेव्हाचा वाद होता. तुमच्यासाठी त्याचा उपयोग असा की, बिघाड जिथे झाला तिथेच तारणाऱ्याला उतरावं लागतं. म्हणून कागदावर आधी एकच वाक्य पूर्ण करा: ‘या जगात अमुक बिघडलं, कारण अमुकांनी अमुक केलं, म्हणून निर्मात्याला अमुक व्हावं लागलं.’ तिसरी जागा पहिल्या दोन्हींतून आपोआप निघत नसेल, तर पुढे जाऊ नका.

तुमच्या नदीवरच करून दाखवतो. आपल्याकडे पाटपाण्याची व्यवस्था सगळ्यांना माहीत आहे: बंधारा, पाट, चाऱ्या, पाण्याची पाळी, आणि टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोहोचत नाही ही कायमची तक्रार. यातूनच बिघाड काढा. माणसांना नदी मिळाली ती पुढे सोडण्यासाठी. बायबलमधल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदामाला बागेची मशागत आणि राखण सोपवली आहे, तसंच हे काम. दर सातव्या दिवशी सगळ्या चाऱ्या मोकळ्या ठेवायच्या, त्या दिवशी कुणी स्वतःसाठी पाणी घ्यायचं नाही, एवढा एकच निर्बंध. उगमावर राखणीला ठेवलेला एक दूत माणसांना विचारतो, ‘उद्या पाणी येईल कशावरून?’ माणसं घाबरतात आणि सातव्या दिवशी पहिला बंधारा घालतात. अडवलेलं पाणी सडतं. निर्गम 16 मध्ये दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्या मान्न्यात, म्हणजे देवाने रोज पुरवलेल्या अन्नात, किडे पडतात, तसं. मरण या जगात इथून येतं. आता वाक्य पूर्ण होतं: माणसांनी भीतीपोटी देणं थांबवलं, म्हणून जो स्वतः उगम आहे त्याला टेलला, कोरड्या गावात, तहानलेला माणूस म्हणून जन्मावं लागलं. योहानाच्या शुभवर्तमानात वधस्तंभावरून ‘मला तहान लागली आहे’ असं ऐकू येतं. त्याचा प्रतिध्वनी तुमच्या कथेत नाव न घेता उमटेल. तो बंधाऱ्यावर मरतो, आणि बंधारा फुटतो.

इथे मराठी वाचकाच्या बाबतीत दोन धोके आहेत. दुसऱ्या भाषेतल्या मार्गदर्शनात ते सापडणार नाहीत, म्हणून त्यांवर जरा थांबतो.

पहिला धोका बळीचा. विहिरीला पाणी लागेना, तळं भरेना, बुरूज टिकेना, म्हणून सुनेचा किंवा मुलाचा बळी दिला, अशा कथा आणि गाणी आपल्याकडे घरोघर ऐकलेली असतात. बंधाऱ्यावर कुणी मेलं आणि पाणी सुटलं, की वाचक हीच कथा वाचणार: गावाने एका दुबळ्याला ढकललं आणि दैवत शांत झालं. तुमच्या कथेचा अर्थ तिथे साफ उलटतो. उपाय प्रसंगातच करावा लागतो. बळी मागणारं दैवत कुठेही दाखवू नका. उलट, गाव भीतीने दुसऱ्याच कुणाचा, म्हणजे एखाद्या पोरक्या जळकराचा, बळी द्यायला निघालंय आणि तारणारा मधे उभा राहतो, असं करा. ‘माझा जीव कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो’ हा योहान 10 मधला आशय त्याच्या एखाद्या कृतीतून दिसला पाहिजे. तो पळू शकत होता, वाट मोकळी होती आणि तो वळला, हे वाचकाने डोळ्यांनी पाहिलेलं असू द्या.

दुसरा धोका नदीचा. गौतम ऋषींच्या हातून गाय मेली, त्या पापाच्या क्षालनासाठी त्यांनी तप केलं आणि ब्रह्मगिरीवर गंगा उतरली, ही कथा नाशिकच्या वाचकाच्या मनात पक्की आहे. रामकुंड आणि सिंहस्थ त्याच्या रोजच्या भूगोलात आहेत. तुमच्या कथेत नदी आणि पाप एकत्र आले की तो धरून चालणार की स्नानाने पाप धुतलं जाईल. त्या श्रद्धेचा मान राखून तुमची कथा वेगळी आहे हे रचनेतूनच कळू द्या: तुमच्या जगात नदी स्वतःच जखमी आहे, तिलाच बरं व्हायचंय. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने इफिसकरांना लिहिलं की ख्रिस्ताने बाप्तिस्मा घेतला तो आपल्या दुःखसहनाने पाणी शुद्ध करण्यासाठी. हा फार सुंदर धागा आहे आणि नदीच्या जगासाठी जणू तयारच आहे. पाण्यात उतरणं म्हणजे त्याच्या मरणात उतरणं, असं रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे. तुमच्या लोकांचा विधी त्यावर बेता: फुटलेल्या बंधाऱ्याच्या खिंडारातून चालत जाणं, श्वास रोखून, पलीकडे कुणीतरी हात धरायला उभं.

आता सृष्टिकथा. हिच्यात चार गोष्टी पक्क्या ठेवल्या की बाकी मोकळं रान आहे. शून्यातून निर्मिती, निर्मात्याला कसलीही उणीव नसणं, जे झालं ते चांगलं असणं, आणि वाईटाला स्वतःचं मूळ नसणं. ‘निर्माता एकटा होता म्हणून त्याने जग केलं’ हे वाक्य भावुक आहे, पण त्याने सगळी इमारत ढासळते: गरजेपोटी निर्मिती झाली तर तारणही गरजेपोटीच होईल, प्रेमाने नाही. देवाच्या शरीरापासून किंवा मारलेल्या राक्षसाच्या देहापासून जग बनवणंही टाळा. ती कल्पना जगभर आहे आणि भव्य आहे, पण तिच्यात जग एक तर देवाचाच तुकडा ठरतं, नाही तर हिंसेतून जन्मतं. आदिजलापासून सुरुवात करायला हरकत नाही, उत्पत्तीतही खोल जल आहेच. फक्त ते पाणीही निर्मात्याचंच, हे कुठेतरी सांगा.

सांगाडा हवा असेल तर उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाची बांधणी पाहा. पहिले तीन दिवस जागा वेगळ्या होतात, पुढचे तीन दिवस त्याच क्रमाने भरतात: प्रकाश-अंधार आणि मग ज्योती, आकाश-पाणी आणि मग पक्षी-मासे, कोरडी भूमी आणि मग जनावरं-माणसं. ‘चांगले आहे’ हा अभिप्राय सात वेळा येतो. तुमच्या जगात उगम, पात्र, काठ वेगळे करा आणि दूत, जळकर, माणसं यांनी भरा. सातवा दिवस मोकळ्या चाऱ्यांचा. म्हणजे पुढे जो नियम मोडणार आहे, तो सृष्टीच्या विणीतच बसतो, वरून लादलेला वाटत नाही. गाण्यातून जग निर्माण होणं मात्र इतक्या लेखकांनी वापरलंय की मी तो मार्ग सुचवणार नाही.

वाईटाच्या बाबतीत ऑगस्टिन या जुन्या ख्रिस्ती धर्मचिंतकाची भूमिका कामाला येते: वाईट म्हणजे चांगल्याची उणीव किंवा मोडतोड, स्वतंत्र पदार्थ नव्हे. काळा देव विरुद्ध पांढरा देव असा बरोबरीचा सामना मांडला की जग चांगलं आणि वाईट ही दोन समान मूळतत्त्वं मानणाऱ्या मानीच्या पंथाचं होतं, ख्रिस्ती राहत नाही. वहीत दोन रकाने आखा. प्रत्येक दुष्ट गोष्टीसमोर ती मूळची कोणती चांगली गोष्ट होती ते लिहा. समोरची जागा रिकामी राहिली तर ती गोष्ट काढा किंवा बदला. बंडखोर दूत पाणी अडवू शकतो, वळवू शकतो, गढूळ करू शकतो. एक थेंब निर्माण करू शकत नाही. कथेत ही मर्यादा एकदा तरी त्याच्या तोंडावर उघडी पडू द्या.

जळकरांचं काय, हा तुमच्या प्रश्नातला खरा अवघड भाग आहे. देवाने माणूस होऊन माणसांना तारलं. मग दुसऱ्या जमातीचं तारण कसं? मला तीन वाटा दिसतात. जळकर पापात पडलेच नाहीत, फक्त माणसांच्या कृत्याचे परिणाम भोगतायत. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात सगळी सृष्टी कण्हत वाट पाहते, तसे. किंवा दोन्ही जमाती एकाच मूळ जोडप्याच्या, त्यामुळे एकाचं रक्त दोघांचं. किंवा दोघांसाठी दोन देहधारणं. तिसरी वाट तत्त्वतः बंद नाही. एक दैवी व्यक्ती एकाहून जास्त मानवी स्वभाव (म्हणजे मानवपण) धारण करू शकते, असं धर्मचिंतक थॉमस अक्वायनसने तेराव्या शतकात मान्य केलंय. पण कादंबरीत दोन तारणारे आले की दोघांचंही वजन निम्मं होतं. पहिली वाट घ्या. निरपराध जळकर माणसांच्या सुटकेची वाट पाहतायत, यात राग, क्षमा आणि आशा तिन्हींना जागा आहे.

तारणाऱ्याला दोन कसोट्या लावा. 325 च्या निकिया धर्मपरिषदेची: तो निर्माण केलेला नाही, निर्मात्याशी एकतत्त्व आहे. कथेत तपासायचं असं: तुमच्या जगाच्या स्वतःच्या धर्मनियमाप्रमाणे त्याची उपासना केली तर ती मूर्तिपूजा ठरेल का? ठरत असेल तर तो शूर निवडलेला तरुण आहे, तारणारा नाही. आणि 451 च्या खाल्केदोन धर्मपरिषदेची: दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव, मिसळण नाही, बदल नाही, फाळणी नाही, ताटातूट नाही. याचा उत्तम नमुना मार्क 4 च्या शेवटी सात वचनांत आहे: तो होडीत उशीवर झोपलाय, थकलाय, उठतो आणि वाऱ्याला गप्प करतो. थकवा खरा, अधिकारही खरा, आणि दोन्ही एकाच प्रसंगात. दशावतारांची सवय असलेला वाचक असंही समजेल की काम झालं की हे रूप संपलं. म्हणून पुनरुत्थानानंतर देह राहतो हे ठळक करा. लूक 24 मध्ये तो भाजलेला मासा खातो, योहान 20 मध्ये घाव दाखवतो. तुमचा तारणारा टेलच्या पहिल्या पाण्यातून ओंजळभर पितो आणि बंधाऱ्याच्या दगडांच्या खुणा त्याच्या अंगावर असतात, एवढं पुरे. घाव पुसले तर मरण खोटं वाटतं.

मरणाने सुटका कशी होते, याची मांडणी एकच मुख्य ठेवा. जुन्या ख्रिस्ती धर्मचिंतकांकडे तीन मांडण्या सापडतात. आयरेनियसकडे ख्रिस्त आदामाने बिघडवलेली वाट पुन्हा पहिल्यापासून नीट चालतो. न्यासाच्या ग्रेगरीकडे सैतान मानवी देहाचं आमिष गिळतो आणि आतल्या देवत्वाच्या गळाला लागतो. अन्सेल्म 1098 च्या सुमारास देवाच्या अवमानाची भरपाई मांडतो. तुमच्या नदीला पहिली मांडणी चपखल बसते: पहिल्या माणसाने भीतीने अडवलं, याने भीती असताना सोडलं. तिन्ही एकत्र कालवल्या तर वाचकाला मंत्रतंत्राचा करार वाटतो. शिवाय ‘एकाने भरलं, सगळे सुटले’ हे ज्याचं कर्म त्याला या विचारात वाढलेल्या वाचकाला अन्याय वाटू शकतं. त्यासाठी जामिनाची प्रथा पहिल्या चार-पाच प्रकरणांतच आणा. एका माणसाने अंगठा दिला की त्याची सगळी वस्ती बांधली जाते किंवा सुटते, हे आधी एखाद्या साध्या भांडणात घडू द्या. इब्री लोकांस पत्रात येशूला जामीनच म्हटलंय.

प्रमाणाबद्दल. उत्पत्तीतली सात दिवसांची कथा 34 वचनांत संपते, पतनाची, म्हणजे आदाम-हव्वेच्या पापाची, 24 वचनांत. उलट मार्कच्या 16 पैकी शेवटचे 6 अध्याय यरुशलेममधल्या एका आठवड्यापासून रिकाम्या कबरेपर्यंतचे आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 1616 च्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यातही पहिलं पुराण 36 अवस्वरूंचं (अध्यायांचं) आणि ख्रिस्ताचं दुसरं 59 चं आहे. त्या ग्रंथाकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे: तिथे ऐकणारा ब्राह्मण शंका विचारतो आणि पाद्री उत्तर देतो, त्यामुळे सृष्टीची माहिती संवादातून उलगडते. स्वतःसाठी सृष्टिकथा चारशे शब्दांत लिहून ठेवा. कादंबरीत एका वेळी शंभर-दीडशे शब्दांहून जास्त येऊ देऊ नका. एक तुकडा दळणाच्या गाण्यात, एक पाटकऱ्याच्या शपथेत, एक जळकरांच्या तोंडी थोडा वेगळा. जळकरांच्या आवृत्तीत बंधारा कुणी घातला हे स्पष्ट असतं; माणसांच्या आवृत्तीत बंधारा ‘घातला गेला’.

तारणाऱ्याबद्दलची भाकितं तीनच ठेवा आणि तिन्ही लोकांनी चुकीची समजलेली असू द्या. ‘तो बंधारा मोडील’ हे ऐकून लोक सेनापतीची वाट पाहतात, ‘तो उगमाहून येईल’ म्हणून डोंगराकडे डोळे लावून बसतात, आणि ‘तो तहानेला ओळखेल’ याचा अर्थ पाणीवाटपाची समिती लावतात. तीन भाकितं एकाच माणसाबद्दल आहेत हे बंधारा फुटण्याआधी फक्त एकाच पात्राला कळू द्या, आणि ते पात्र टेलचं असू द्या.