‘दुमट’ म्हणजे दमट नव्हे, आणि हिंदीतलं ‘क्षारीय’ म्हणजे आपलं ‘क्षारयुक्त’ नव्हे

हरियाणात कर्नालकडच्या जमिनींवरचं एक हिंदी माहितीपत्रक तुम्ही मराठीत आणताय आणि एका वाक्याशी अडलाय. मूळ असं: ‘लवणीय एवं क्षारीय, खराब जल निकास वाली बलुई दुमट मिट्टी’. तुमचा कच्चा अनुवाद: ‘खारट आणि क्षारयुक्त, खराब पाणी निकासीची वाळूची दमट माती’. विचारलंय की ‘क्षारीय’ला ‘क्षारयुक्त’ चालेल का, आणि माती जर वाळूची आहे तर पाणी तुंबेलच कसं, मुळातच काही चुकलंय का. मूळ अगदी बरोबर आहे. अनुवादात मात्र गडबड झालीय, आणि त्यातली एक चूक अशी आहे की ती तशीच छापली तर वाचणारा शेतकरी नको तो उपाय करून बसेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ‘दमट’. हिंदीतलं दुमट किंवा दोमट म्हणजे दोन मात्यांचं मिश्रण, वाळू आणि चिकणमाती एकत्र असलेली माती, तिचा ओलाव्याशी काही संबंध नाही, भर उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत पडली तरी ती दुमटच. आपल्याकडे तिला पोयटा म्हणतात. ‘बलुई दुमट’ला मराठी शेतीच्या पुस्तकांत वालुकामय पोयटा असं मिळेल, मी स्वतः ‘वाळुसर पोयटा’ लिहितो कारण वालुकामय म्हटलं की लोकांना डोळ्यापुढे राजस्थानचं वाळवंट येतं. ह्या मातीत निम्म्याहून जास्त वाळू असते आणि चिकणमातीचे कण साधारण 20 टक्क्यांच्या आतच, ओली माती मुठीत दाबली तर गोळा होतो पण बोटानं टोचला की लगेच फुटतो. एक सांभाळा, गावाकडं पोयटा म्हणजे नदीनं आणून टाकलेली मऊसूत सुपीक माती, नर्सरीवाला ‘पोयट्याची माती’ म्हणून देतो तीच, त्यामुळे ‘खराब पोयटा’ हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटू शकतं. तरी शब्द हाच योग्य आहे.

आता मुख्य मुद्दा. हिंदी शाळेत जे अम्ल, क्षारक आणि लवण, ते मराठी शाळेत आम्ल, आम्लारी आणि क्षार. म्हणजे हिंदीवाला क्षार म्हणतो तेव्हा त्याच्या मनात आम्लाच्या उलटं काहीतरी असतं, आणि आपण क्षार म्हणतो तेव्हा मीठ, साल्ट. पाणी तपासून आणलं आणि ‘पाण्यात क्षार जास्त आहेत’ म्हटलं की मराठी माणसाला कळतं ते विरघळलेले मीठच. कर्नालच्या संस्थेचं नावच बघा की, 1969 मध्ये सुरू झालेलं केंद्रीय मृदा लवणता अनुसंधान संस्थान, तिथं सॅलिनिटीला लवणता म्हटलंय. तेव्हा हिंदीतली ‘लवणीय’ ती आपली ‘क्षारयुक्त’ किंवा बोलीत खारवट, आणि हिंदीतली ‘क्षारीय’ ती आपली ‘चोपण’. तुम्ही क्षारीयला क्षारयुक्त केलंत तेव्हा अल्कली म्हणजे चोपण जमीन सलाइन म्हणजे मिठाची होऊन बसली, आणि शेजारी आधीच ‘खारट’ आहे म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगून झाली आणि चोपण वाक्यातून गायबच झाली.

दोन्हींत फरक केवढा आहे तो आकड्यांत बघा. मातीच्या संपृक्त अर्काची (म्हणजे माती पाण्यानं पुरती भिजवून त्यातून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता 4 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर, सामू म्हणजे pH 8.5 च्या खाली आणि चिकट कणांना धरून बसलेल्या सोडियमचं प्रमाण 15 टक्क्यांच्या आत, ही क्षारयुक्त जमीन. वाहकता 4 च्या आतच पण सामू 8.5 च्या वर आणि सोडियम 15 टक्क्यांहून जास्त, ही चोपण. वाहकताही जास्त आणि सोडियमही जास्त, ती क्षारयुक्त-चोपण. तुमच्या वाक्यात ‘लवणीय एवं क्षारीय’ आहे, तर पत्रकातला तक्ता नीट बघा, दोघींना वेगवेगळे आकडे दिलेले असतील तर त्या दोन जाती आहेत, एकीलाच दोन्ही आकडे असतील तर ‘क्षारयुक्त-चोपण’ असा जोडशब्द लिहा, मधली छोटी रेघ महत्त्वाची आहे.

आकडे बाजूला ठेवले तरी हा फरक डोळ्यांना दिसतो. माझं आजोळ शिरोळ तालुक्यात पंचगंगेकाठी, उसाला वर्षानुवर्षं पाटानं भरमसाट पाणी देऊन बऱ्याच जमिनी हातच्या गेल्या तो भाग. तिथं कुणी क्षारयुक्त म्हणत नाही, ‘मीठ फुटलंय’ म्हणतात, किंवा ‘रान पांढरं पडलं’. (गावची पांढरी वेगळी हं, ती वस्तीची जागा.) थंडीत सकाळी अशा रानात चाललं की वरचा पांढरा फुसफुशीत पापुद्रा चपलेखाली दबतो आणि खालची माती ओलसर, पोकळ लागते. चोपण रानात तसं होत नाही. तिथं वाळलं की दगड, कुदळ मारली तर ठण्णकन आवाज, आणि पाऊस पडला की राडा, पाय घातला तर घोट्यापर्यंत माखतो आणि बाहेर निघत नाही. वर पांढरं मीठ बहुतेक नसतंच, उलट कधी कधी काळपट तेलकट साय दिसते, ती सोडियममुळे विरघळून वर आलेल्या सेंद्रिय पदार्थाची.

माझा मामा एक साधी गोष्ट करायचा. काचेच्या बाटलीत चमचा दोन चमचे माती आणि पावसाचं साठवलेलं पाणी, चांगलं हलवायचं आणि बाटली ओट्यावर ठेवून द्यायची. बोअरचं पाणी घेऊ द्यायचा नाही, त्यात चुना-मीठ असतं त्यानं माती उगाच खाली बसते आणि फसगत होते. मिठाच्या रानातली माती थोड्या वेळात तळाला बसायची आणि वर पाणी स्वच्छ. चोपण रानातलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा चहासारखं गढूळच. बांधावरही हेच, पावसानंतर मिठाच्या रानात साठलेलं पाणी निवळ आणि चोपणातलं चार-चार दिवस गढूळ. तेव्हा मला ती गंमत वाटायची, पण त्या गढूळ पाण्यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

मातीत कॅल्शियम भरपूर असलं की चिकणमातीचे बारीक कण एकमेकांना धरून रवाळ गाठी करतात, गाठींमधून पाणी झिरपतं. सोडियमचं राज्य आलं की त्या गाठी सुटतात, कण सुटेसुटे होऊन पाण्यात तरंगतात आणि पाणी खाली जाताना त्याच्याबरोबर जाऊन वाळूच्या दोन दाण्यांमधल्या फटीत अडकून बसतात. वाळुसर पोयट्यात चिकण कण थोडेच असतात हे खरं, पण फटी बुजवायला थोडेही पुरतात, वाळू भरपूर आणि सिमेंट थोडंसं असलं तरी गिलाव्यातून पाणी सहजासहजी आत शिरत नाही ना, तसंच काहीसं. शिवाय कर्नालकडच्या अशा जमिनींत साधारण मीटरभर खोलीवर चुनखडीच्या खड्यांचा घट्ट थर सापडतो, तिकडं त्याला कंकर म्हणतात, तो खालूनही वाट अडवतो. त्यामुळे वाळूची असूनही पाणी तुंबणारी जमीन, हे अजिबात विसंगत नाही.

मला ‘चोपण’ हा शब्द म्हणूनच फार आवडतो. चोपणे म्हणजे धोपटणे, घरातली मातीची जमीन धोपटून घट्ट करायला लाकडी चोपणं असायचं, आणि चोपण रान वाळलं की अगदी तसंच दिसतं, कुणीतरी चोपणं घेऊन सगळं एकर धोपटून काढल्यासारखं. माझ्या कानाला हे नातं स्पष्ट ऐकू येतं. काही सरकारी कागदांत अल्कधर्मी किंवा विम्लधर्मी जमीन असंही सापडेल, ते चूक नाही, पण त्यातून फक्त सामू कळतो, जमीन हाताला कशी लागते ते कळत नाही. चोपण म्हटलं की शेतकऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही.

कुणी म्हणेल मग ‘खार’ का नको, चांगला जुना शब्द आहे. अडचण अशी की खार दोन्हीकडे आहे. खारट, खारे दाणे, खारवलेले मासे, इथं तो मीठ आहे. पण पापडखार, जवखार, सज्जीखार घ्या, तिथं तो राखेतून नाहीतर मातीतून निघणारा अल्कली आहे, म्हणजे हिंदीनं जपलेला क्षारचा जुना अर्थ आपल्या स्वयंपाकघरातही टिकून आहे, फक्त शाळेच्या पुस्तकातून गेला. पापडखाराचं पाणी बोटावर चोळून बघा, साबणासारखं बुळबुळीत लागतं, मिठाचं पाणी तसं लागत नाही. चोपण जमिनीत असतो तो सोडियम कार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा त्याच घराण्यातला. तेव्हा नुसतं ‘खारी जमीन’ लिहिलंत तर कुठला खार हे वाचणाऱ्याला कळायचं नाही. आणि कोकणातली खारभूमी, गोव्यातली खाजणं, विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ही सगळी ठरावीक प्रदेशांची नावं झालीत, खाजण म्हटलं की भरती-ओहोटी, बांध आणि मानस (बांधातला पाणी आत-बाहेर सोडायचा दरवाजा) आलाच, ती कर्नालच्या जमिनीला लावू नका.

राहिलं ‘खराब पाणी निकासी’. मराठीत जमिनीतून पाणी निघून जाणं म्हणजे निचरा, आणि निचरा खराब नसतो, तो कमी असतो किंवा होत नाही. एकाच शब्दात हवं असेल तर चिबड आहे, पाणी साचून पीक पिवळं पडतं त्याला ‘रान चिबडलं’ म्हणतात, पाझर लागून खालून पाणी वर येत असेल तर उपळट. पाणथळ मात्र टाळा, त्यानं तळ्याकाठची पाखरांची जागा वाटते.

सगळं धरून, तक्त्यात एकाच जमिनीला दोन्ही आकडे असतील तर, मी असं लिहीन: ‘क्षारयुक्त-चोपण, पाण्याचा निचरा नीट न होणारी, वाळुसर पोयट्याची जमीन’. शेवटी ‘माती’ नको, निचरा जमिनीचा होतो.

आणि पत्रकात पुढे उपायांचा भाग असेलच, तिथं जास्त जपा. नुसत्या क्षारयुक्त जमिनीला जिप्समची गरज नसते, चर काढून किंवा जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचऱ्याची सोय करायची आणि चांगल्या पाण्यानं मीठ धुऊन काढायचं. चोपणाला आधी जिप्सम, म्हणजे त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणांवरून हुसकावतं, आणि मग ते सोडियम पाण्याबरोबर धुऊन जायला हवं. क्षारयुक्त-चोपण जमिनीत जिप्सम न घालता नुसतंच पाणी सोडलं तर मीठ जातं, सोडियम तिथंच राहतं आणि आधी निदान पोकळ असलेलं रान पुरतं चोपण होतं. त्यामुळे हिंदीत जिथं जिथं ‘क्षारीय भूमि में जिप्सम’ आहे तिथं ‘चोपण जमिनीत जिप्सम’ असंच करा, आणि ‘क्षारयुक्त’ हा शब्द अख्ख्या फाइलमध्ये सर्च करून प्रत्येक जागा मुळाशी ताडून बघा.