‘लक्ष्यित निर्बंध’ की ‘लक्ष्यवेधी निर्बंध’?

एका वाचकांचा प्रश्न असा आहे की, एखाद्या परदेशी व्यक्तीविरुद्ध किंवा कंपनीविरुद्ध आर्थिक कारवाई झाली की बातम्यांत कुठे ‘बंदी’, कुठे ‘प्रतिबंध’, तर कुठे ‘मालमत्ता जप्त’ असे शब्द येतात. यांपैकी नेमका शब्द कोणता, आणि अशा कारवाईला ‘लक्ष्यवेधी निर्बंध’ म्हणणे योग्य आहे का?

मूळ शब्द ‘निर्बंध’ हाच ठेवावा. ‘प्रतिबंध’ हा मराठीत एखादी गोष्ट घडण्याआधीच रोखण्यासाठी वापरला जातो, जसे रोगप्रतिबंधक लस किंवा प्रतिबंधात्मक अटक. आर्थिक कारवाईच्या अर्थाने तो हिंदी बातम्यांतून आपल्याकडे आलेला दिसतो. ‘बंदी’ एखाद्या वस्तूच्या आयात-निर्यातीला शोभते, व्यक्तीविरुद्धच्या कारवाईला पुरी पडत नाही. ‘सँक्शन’ हा मूळ इंग्रजी शब्द देवनागरीत तसाच लिहिण्याची सोय तर मुळीच नाही, कारण कर्ज किंवा रजा सँक्शन होते तेव्हा आपण मंजुरीबद्दल बोलत असतो. (सावरकरांच्या लेखनात ‘निर्बंध’ हा ‘कायदा’ या अर्थाने येतो; तो अर्थ आता मागे पडला असल्यामुळे गोंधळाची भीती नाही.) विशेष म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील ज्या ४१व्या अनुच्छेदावर सुरक्षा परिषदेचे निर्बंध उभे आहेत, त्यात इंग्रजीतही ‘सँक्शन’ हा शब्द नाही; तिथे फक्त सशस्त्र बळाचा वापर न करता योजायच्या उपायांचा उल्लेख आहे. शांततेला धोका आहे, शांततेचा भंग झाला आहे किंवा आक्रमण झाले आहे, असे परिषदेने ३९व्या अनुच्छेदाखाली ठरवल्यानंतरच हे उपाय योजता येतात, आणि त्यांचा हेतू संबंधितांना वर्तन बदलायला भाग पाडणे हा असतो. म्हणून त्यांना ‘शिक्षा’ म्हणू नये.

आता विशेषणाकडे वळू. ऑगस्ट १९९० मध्ये ठराव ६६१ नुसार इराकवर घातलेले निर्बंध जवळपास संपूर्ण व्यापाराला लागू होते आणि त्यांची झळ राज्यकर्त्यांपेक्षा सामान्य जनतेला अधिक बसली. त्या अनुभवानंतर संपूर्ण देशाऐवजी ठरावीक नेते, संघटना, कंपन्या किंवा वस्तू यांच्यापुरते निर्बंध घालण्याकडे कल वाढला, आणि त्यांच्यासाठी वेगळे विशेषण लागू लागले. ‘लक्ष्यवेधी’ व्याकरणदृष्ट्या चुकीचा नाही. पण ‘वेधी’ म्हटले की नेम लागलाच असे गृहीत धरले जाते, आणि निर्बंधांचा नेम लागतोच असे नाही. शिवाय विधिमंडळातील ‘लक्षवेधी’ सूचनेशी त्याचा घोटाळा व्हायला एका जोडाक्षराचा हलगर्जीपणा पुरतो. ‘लक्ष्यित निर्बंध’ म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर ज्यांना लक्ष्य केले आहे असे निर्बंध, हा आक्षेप मला मान्य आहे. तरीही संज्ञा म्हणून तो चालवून घ्यावा, आणि ओघवत्या लेखनात ‘ठरावीक व्यक्ती व संस्थांवरील निर्बंध’ असे सरळ लिहावे.

सर्वांत जास्त नुकसान ‘जप्त’ या शब्दामुळे होते. या निर्बंधांत मालमत्ता गोठवली जाते, म्हणजे मालकी मूळ मालकाकडेच राहते. फक्त त्याला ती विकता, हलवता किंवा वापरता येत नाही. अन्न, घरभाडे, औषधोपचार आणि वकिलाचे शुल्क यांसारख्या खर्चांसाठी गोठवलेल्या पैशांतून रक्कम काढू देण्याची तरतूद सुरक्षा परिषदेने २००२ मध्ये ठराव १४५२ नुसार केली. जप्तीत अशा तरतुदीला अर्थच उरला नसता. २०२२ मध्ये पाश्चात्त्य देशांनी रशियाच्या मध्यवर्ती बँकेची सुमारे ३०० अब्ज डॉलरची गंगाजळी गोठवली, आणि ती कायमची काढून घेता येईल का, यावर त्यानंतर जो दीर्घ कायदेशीर वाद चालला, तो या दोन क्रियापदांमधील अंतरामुळेच. बातमीत पहिल्याच दिवशी ‘जप्त’ लिहिले, तर हा वाद वाचकाला कळणार कसा?

‘अमुक व्यक्तीवर निर्बंध’ या रचनेतील ‘वर’ हे शब्दयोगी अव्ययही थोडे फसवे आहे. सुरक्षा परिषदेचा निर्णय २५व्या अनुच्छेदानुसार सदस्य राष्ट्रांना बांधून घेतो, आणि ती राष्ट्रे आपापल्या कायद्यांद्वारे बँका, विमा कंपन्या व जहाज कंपन्या यांना बांधून घेतात; यादीत नाव कोणाचेही असो, ‘व्यवहार करू नका’ हा आदेश इतरांना असतो. अमेरिकेच्या अर्थखात्याच्या नियमानुसार तर यादीतील व्यक्तींची मिळून ५० टक्के किंवा त्याहून अधिक मालकी असलेल्या कंपनीची मालमत्ताही, कंपनीचे स्वतंत्र नाव यादीत नसताना, गोठवलेली मानली जाते. अशा व्यक्तींशी व्यवहार करणाऱ्या तिसऱ्या देशातील कंपन्यांना अमेरिका ज्या निर्बंधांचा धाक घालते, त्यांना ‘दुय्यम निर्बंध’ म्हणतात. पण ‘दुय्यम’मुळे ते कमी महत्त्वाचे वाटतात, म्हणून मी ‘तृतीयपक्षी निर्बंध’ पसंत करतो.

याच ओघात ‘जागतिक दहशतवादी घोषित’ हा वाक्प्रयोगही तपासायला हवा. १ मे २०१९ रोजी मसूद अझहरबाबत जे घडले, ते म्हणजे सुरक्षा परिषदेच्या १२६७ समितीने (ठराव १२६७ नुसार नेमलेल्या) त्याचे नाव इस्लामिक स्टेट आणि अल-कायदाविषयक निर्बंध यादीत घातले. ही समिती न्यायालय नाही आणि यादीत नाव येणे म्हणजे दोषसिद्धी नाही. यासिन अल-कादी या सौदी उद्योजकाच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये या यादीची अंमलबजावणी करणारा युरोपीय नियम त्याच्यापुरता रद्द ठरवला, तो बचावाची संधी न मिळाल्याच्या आणि मालमत्तेच्या हक्कावर अवाजवी गदा आल्याच्या कारणावरून. आणि पुढच्याच वर्षी सुरक्षा परिषदेने यादीतून नाव काढण्याचे अर्ज तपासण्यासाठी लोकपालाचे पद निर्माण केले. त्यामुळे असे नाव निघाले तर ‘निर्दोष मुक्तता’ असे न लिहिता ‘यादीतून नाव वगळले’ एवढेच लिहावे.