.२२ चा संच आणि पिस्तुलाचा परवडणारा सराव

प्रश्न (नांदेड): मुलगा नोकरीनिमित्त टेक्ससमध्ये असतो. तिथे रीतसर घेतलेलं .४५ चं '१९११' पिस्तूल त्याच्याकडे आहे. गोळ्या महाग पडतात म्हणून त्याने .२२ चा कन्व्हर्जन संच (त्याच पिस्तुलातून .२२ ची छोटी काडतुसं उडवता यावीत म्हणून बदलायचे भाग) घेतला. पण चार-पाच बार झाले की पिस्तूल अडकतं. संचच खराब निघाला का? आणि सुट्टीवर येताना हा संच इकडे आणता येईल का?

उत्तर: संच खराब असण्याची शक्यता कमी आहे. आधी त्यात काय बदलतं ते पाहू. स्लाइड (प्रत्येक बाराला मागे-पुढे सरकणारा वरचा भाग), नळी, रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे आणणारी) आणि मॅगझिन (काडतुसांची पेटी) एवढंच नवं असतं. मूठ, चाप, घोडा आणि सेफ्टी मूळ पिस्तुलाचीच राहते. संचाचं मोल यातच आहे, कारण बोटाला रोजचाच चाप मिळतो आणि काडतूस मात्र स्वस्त लागतं.

अडचण येते ती ताकदीची. .४५ ची गोळी सुमारे १५ ग्रॅमची आणि तिची ऊर्जा ५०० ज्यूलच्या आसपास. .२२ लाँग रायफलची गोळी अडीच ग्रॅमहून थोडी जास्त आणि ऊर्जा जेमतेम तिच्या चौथ्या हिश्श्याची. एवढ्याशा धक्क्याने पोलादी स्लाइड पुरती मागे जात नाही. कोल्ट कंपनीने १९३८ साली '१९११' साठी असा संच बाजारात आणला, तेव्हा धक्का वाढवायला त्यात हलतं चेंबर (काडतूस बसतं तो नळीचा भाग) बसवलं होतं. आजच्या बहुतेक संचांत नळी पक्की बसलेली आणि स्लाइड हलक्या ॲल्युमिनियमची असते. तरीही हातात फारशी जादा ताकद उरत नाही, त्यामुळे बारीकसारीक कारणानेही पुंगळी फेकून नवं काडतूस घेण्याचं चक्र तुटतं.

म्हणून मुलाला सांगा, पिस्तूल अडकलं की लगेच मोकळं करू नकोस. नळी लक्ष्याकडेच ठेव, बोट चापावरून काढ आणि काय अडकलंय ते नीट बघ.

रिकामी पुंगळी खिडकीत (स्लाइडमधल्या पुंगळी बाहेर पडायच्या जागेत) उभी अडकली असेल तर स्लाइड पुरती मागे गेलेली नाही. काडतूस मंद असेल, मनगट ढिलं असेल किंवा आत काजळी साठली असेल. संचासोबतच्या पुस्तिकेत कोणतं काडतूस चालेल ते लिहिलेलं असतं. बऱ्याच संचांना ४० ग्रेनची (म्हणजे वर सांगितलेल्या वजनाचीच), तांब्याचा मुलामा दिलेली हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाची, गोळी लागते. स्पर्धेची स्टँडर्ड व्हेलॉसिटी गोळी उत्तम खरी, पण ती स्पर्धेच्या पिस्तुलासाठी. हलक्या संचातही ती स्लाइड ढकलेलच असं नाही.

भरलेलं काडतूस नाक खाली घालून रुतलं असेल तर मॅगझिन पाहा. .२२ च्या बुडाला कडा असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेच्या पुढे बसायला हवी. ती मागे राहिली की कडा कडेत अडकते आणि वरचं काडतूस पुढे सरकत नाही. मॅगझिनचं बटण दाबून धरून काडतुसं धबाधबा टाकली की हे हमखास होतं. ती एकेक करून भरावीत, आणि कारण सापडेपर्यंत मॅगझिनमध्ये पाचच ठेवावीत.

चाप ओढल्यावर नुसताच 'टक' आवाज आला तर नळी लक्ष्याकडे धरून ३० सेकंद थांबायचं, कारण बार उशिराही होऊ शकतो. मग काडतूस काढून कडेवरचा ठसा बघायचा. ठसा उथळ असेल तर स्लाइड पूर्ण मिटलेली नाही किंवा फायरिंग पिनच्या भोकात मळ आहे. ठसा खोल असूनही बार झाला नसेल तर दोष काडतुसाचा. .२२ सारख्या रिमफायर काडतुसात पेटणारा मसाला बुडाच्या कडेत गोल फिरवून भरतात, आणि कुठेतरी तो कमी पडतो. तेच काडतूस अर्धं फिरवून पुन्हा लावलं की बहुधा उडतं.

आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर मात्र तिथेच थांबायचं. पिस्तूल रिकामं करून नळीतून आरपार दिसतं का ते पाहिल्याशिवाय पुढची गोळी लावायची नाही. आत शिसं अडकलेलं असताना दुसरा बार झाला तर नळी फुगते.

दर २००-३०० गोळ्यांनंतर चेंबरमध्ये पितळी ब्रश फिरवावा, पुंगळी ओढणारा आकडा आणि त्यामागची खाच पुसावी. .२२ च्या गोळीवर मेणाचा हात असतो, तो काजळीत मिसळून चिकटा बनतो. तेलाचे दोन-चार थेंब स्लाइडच्या पट्ट्यांना पुरे. सगळं आटोपल्यावर हात साबणाने धुवायचे, कारण शिशाची धूळ बोटांवर राहते.

एक उणीवही सांगायला हवी. या संचावर नेम, श्वास आणि चापाची ओढ शिकता येते, धक्का सांभाळणं शिकता येत नाही. म्हणून सरावाचा शेवट .४५ च्या थोड्या गोळ्यांनी करावा. पहिल्याच गोळीला हात आधीच खाली झुकत असेल तर तो दोष लगेच उघडा पडतो.

आता संच इकडे आणण्याबद्दल. आणू नये. आपल्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' म्हणताना त्याचे भागही धरले आहेत आणि आयातीला वेगळा परवाना लागतो. विमानतळावर निघण्याआधी बॅगेचा कप्पा न् कप्पा झाडून घ्यायला सांगा. रेंजवरून आलेलं एखादं काडतूस कोपऱ्यात राहिलं तरी पोलीस केस होते.

प्रश्न (परभणी): माझ्याकडे परवान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे. त्याला .२२ चं करून मिळेल का? लेथवर नळीत नळी बसवून देणारा माणूस आहे म्हणतात.

उत्तर: त्या माणसाकडे जाऊच नका. परवान्याशिवाय शस्त्रात बदल करणं हा गुन्हा आहे, आणि परवाना तुमचा असला तरी तो काम करणाऱ्याच्या कामी येत नाही. यंत्राच्या दृष्टीनेही ते जमत नाही. .३२ मध्ये पिन काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आपटते, .२२ मध्ये ती कडेवर आपटावी लागते. पिस्तुलाच्या संचात पिन नव्या स्लाइडमध्येच असते म्हणून प्रश्न सुटतो. रिव्हॉल्व्हरची पिन आहे तिथेच राहते. शिवाय .२२ ची काडतुसं घ्यायला परवान्यावर त्या बोअरची नोंद लागते. .३२ च्या परवान्यावर ती मिळणार नाहीत.

तुमच्यासाठी सगळ्यात स्वस्त सराव बिनगोळीचा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. सिलिंडर बाहेर काढून सहाही घरं डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, मग त्यांत डमी (दारू-मसाला नसलेली) काडतुसं घाला. पलीकडे कुणी नसेल अशा पक्क्या, कोऱ्या भिंतीसमोर उभं राहून नजर फक्त माशीवर (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुंटीवर) ठेवा आणि चाप हळूहळू, सरळ मागे ओढा. घोडा पडतानाही माशी हलता कामा नये. हलली तर किती आणि कुठे हलली ते बघा, कारण गोळी तिकडेच गेली असती. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात, दमलेल्या हाताने चुकीचीच सवय लागते. (.२२ च्या शस्त्रावर मात्र डमीशिवाय कोरा चाप ओढू नये. पिन थेट चेंबरच्या काठावर आपटून काठ बसतो, आणि मग पुंगळ्या अडकू लागतात.)

प्रश्न (जालना): शेत गावापासून लांब आहे. बांधावर मातीचा ढीग करून परवान्याच्या पिस्तुलाने सराव केला तर चालेल का?

उत्तर: नाही. .२२ सारखी चिमुकली गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे जाते, आणि मातीतल्या दगडावर आपटली तर कुठे वळेल ते सांगता येत नाही. ढिगापलीकडे कापूस वेचणाऱ्या बायका आहेत की नाहीत ते तुम्हाला दिसणार नाही. बेदरकारपणे बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सराव अधिकृत रेंजवरच करावा.

प्रश्न (लातूर): मुलीला पिस्तूल नेमबाजी शिकायची आहे. सुरुवात .२२ ने करावी का?

उत्तर: दहा मीटर एअर पिस्तूलने करावी. ४.५ मिलिमीटरचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि ऊर्जा सहा ज्यूलच्या जवळपास, म्हणजे परवान्यासाठी ठरवलेल्या २० ज्यूलच्या मर्यादेखाली. छर्ऱ्यांचा ५०० चा डबा बरेच दिवस पुरतो. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचं असतं, त्यामुळे हाताची चूक लपत नाही. स्वतःचं पिस्तूल घेण्याची घाई करू नका. आधी क्लबच्या पिस्तुलावर काही महिने जाऊ द्या. मुठीचा आकार हाताला बसतो का आणि हात लांब करून वजन पेलतं का, ते तिथेच कळतं. कोल्हापूरची राही सरनोबत ज्या २५ मीटर प्रकारात २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक जिंकली, तो .२२ चा प्रकार आहे. तिकडे जायचं असेल तर पुढे जिल्हा संघटनेमार्फत रीतसर जाता येतं.