मास्क लावला की जीव घाबरतो, त्यावर माझा अनुभव

तुम्ही लिहिलंय की स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेच्या तपासणीत, तासाला ३८ वेळा श्वास अडतो असं निघालं, सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून नळी आणि मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) घेतलं, पण मास्क लावून पाच मिनिटं झाली की छाती धडधडते आणि तुम्ही तो ओढून काढता. मशीन पंधरा दिवस कपाटावर, आणि घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. माझा आकडा ४४ होता आणि माझं मशीन दीड महिना कपाटावर होतं. तेव्हा आधी लाज वाटणं बंद करा.

लहानपणी मामाच्या गावी भावंडांनी मला गोधडीत गुंडाळलं आणि वर बसून हसत राहिली. मिनिटभराचा खेळ असेल, पण अजून स्वेटर डोक्यातून काढताना अडकला तर मला घाम फुटतो. असल्या माणसाच्या तोंडावर रबर आणि चार पट्टे आवळले तर दुसरं काय होणार? पण ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेली अर्धी मशीनमध्ये होती, आणि ती मला कुणी सांगितली नव्हती.

मशीनमध्ये रॅम्प असतो. झोप लागेपर्यंत हवा मंद येते, मग हळूहळू ठरवलेल्या प्रेशरपर्यंत चढते. माझं ठरवलेलं प्रेशर ११, रॅम्पची सुरुवात ४. चार म्हणजे बहुतेक मशीनचं सर्वात कमी. ऐकायला सौम्य वाटतं. पण जागा माणूस खोल श्वास घेतो, घाबरलेला त्याहून खोल, आणि चारवर हवा पुरतच नाही असं वाटतं. म्हणजे मला गुदमरायला होत होतं ते जास्त हवेने नाही, कमी हवेने. टेक्निशियनने सुरुवात ६ वर नेली आणि श्वास सोडताना प्रेशर थोडं उतरावं अशी सोय असते ती चालू केली. फरक त्याच बैठकीत कळला. तुम्ही हे आधी विचारा. मुख्य प्रेशरला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

मग सवय. माझी चूक ही की मी रात्री अकराला, दमलेला, दिवा मालवून मास्क लावायचो. त्या वेळी कुणाचंही मन ताळ्यावर नसतं. सवय दिवसा करायची. मी संध्याकाळी बातम्या बघताना खुर्चीत बसून सुरुवात केली. आधी मशीन चालू करून मास्क नुसता हाताने नाकाशी धरायचा, पट्टे नाहीत. हात बाजूला केला की सुटका. तीन दिवस एवढंच. मग पट्टे लावून पाच मिनिटं, दहा मिनिटं, मग पलंगावर पडून पेपर वाचताना. एकच पथ्य पाळलं: धडधड वाढायच्या आधी, शांत असतानाच मास्क काढायचा. घाबरून काढला की भीतीला शाबासकी मिळते आणि ती उद्या दुप्पट होऊन येते. आठव्या दिवशी माझं सगळं बिनसलं, परत हाताने धरण्यापासून सुरू केलं. चालतं.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट मात्र फार क्षुल्लक आहे. बऱ्याच मास्कची नळी एका चिमटीत सुटते, पट्टे सोडावे लागत नाहीत. तुमच्या मास्कचा तो सांधा शोधा, आणि अंधारात, डोळे मिटून, एका हाताने दहा वेळा सोडा आणि लावा. बोटांना जागा पाठ झाली की मन आपोआप गप्प बसतं. मला रात्री ती नळी सोडावी लागली असेल दोनदा. सोडता येते हे माहीत असणं पुरलं.

‘वीज गेली तर?’ हा प्रश्न मलाही छळायचा. तोंडनाक दोन्ही झाकणाऱ्या मास्कला बाहेरची हवा आत घेणारी झडप असते, आणि नुसत्या नाकाच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. मास्कवर बारीक भोकं दिसतात ना, ती श्वासातली वाईट हवा बाहेर जायला असतात. आमची ही ‘हवा फुकट जातेय’ म्हणून त्यावर चिकटपट्टी लावायला निघाली होती! ती भोकं कधीही बुजवू नका.

मास्कचा प्रकारही बदलून बघा. मला आधी मोठा, तोंडनाक झाकणारा दिला होता. नाकपुड्यांशी टेकणारा छोटा मिळाल्यावर चष्मा घालता आला, पेपर वाचता आला, आणि कोंडल्यासारखं वाटणं निम्मं झालं. तोंडाने श्वास घेत असाल किंवा नाक चोंदत असेल तर तो जमणार नाही, आधी नाकाचं बघा. पट्टे बसून नाही, आडवं पडून, मशीन चालू असताना जुळवा, आणि सैलच ठेवा. लीक थांबवायला आवळत गेलं की नाकावर वळ उठतात आणि लीक तसाच राहतो. पेसमेकर असेल तर लोहचुंबकाच्या क्लिपा असलेला मास्क घेऊ नका.

झोपेची गोळी किंवा ‘थोडीशी घेऊन’ झोपणं, हे दोन्ही सल्ले तुम्हाला कुणीतरी देईलच. दारूने घसा आणखी सैल पडतो आणि श्वास जास्त अडतो. गोळी डॉक्टरांना श्वासाचा त्रास सांगितल्याशिवाय नको.

माझी पहिली रात्र दोन तास दहा मिनिटांची झाली, मशीनने सकाळी आकडा दाखवला. पूर्ण रात्र जमायला सव्वा महिना लागला. तुमचा मास्क कोणत्या प्रकारचा आहे आणि रॅम्प किती प्रेशरवर सुरू होतो, एवढं लिहा, मग पुढचं बोलू.