‘आनंदी’ नको म्हणणाऱ्या आजी

"मॅडम, नावाचा माणसावर परिणाम होतो का हो?"

मी कुटुंबांचं समुपदेशन करते आणि हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक नवे आई-बाबा असतात. थोडं बोलल्यावर कळतं, की शंका त्यांची नाहीच, घरातल्या कुणाची तरी आहे. जानकी ठेवलं तर वनवास नशिबी येईल. अभिमन्यू ठेवलं तर अल्पायुषी होईल. अहिल्या म्हटलं की एखाद्या मावशीला होळकरांच्या अहिल्याबाई आठवत नाहीत, शिळा आठवते. पंचवटीत सीतागुंफेच्या दर्शनाला रांगा लागतात आणि त्याच नाशिकमध्ये जानकी नावाला लोक बिचकतात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

अशा सगळ्यांना मी एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

गंगापूर रोडला राहणारं कुटुंब. पहिली मुलगी. बारावा दिवस कधीच उलटून गेला होता आणि घरात तिला अजून नुसतं ‘बाळ’ म्हणत होते, कारण आई-बाबांना ‘आनंदी’ ठेवायचं होतं आणि आजी अडून बसल्या होत्या. आत्याबाई पुण्याहून येऊन, वाट पाहून परत गेल्या. सून-मुलगा आधी दोघंच आले. मग मी आजींनाही घेऊन यायला सांगितलं. घरातल्या भांडणात जो खोलीबाहेर असतो त्याच्याविषयीच सगळे बोलत राहतात, आणि ते मला चालत नाही.

आजी आल्या त्या खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाल्या, "त्या बाईचं नाव माझ्या नातीला? पुतण्याचा जीव घेतला जिनं?"

‘ती बाई’ म्हणजे राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई. 30 ऑगस्ट 1773 रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना मारलं. ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं, ही गोष्ट आपण सगळे शाळेच्या आधीच ऐकतो. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी धरलं. कागदावर ते अक्षर आनंदीबाईंनीच फिरवलं का, याबद्दल मात्र इतिहासकारांत एकमत नाही. आपल्या नाशिकला तर हे सगळं फार जवळचं. इथल्या आनंदवल्ली भागाचं नाव त्यांच्यावरूनच पडलं असं सांगतात आणि 1794 मध्ये त्या वारल्याही तिथंच, नजरकैदेत. नारायणरावांच्या आई गोपिकाबाई उत्तरायुष्यात गंगापूरला राहिल्या, म्हणजे त्याच गोदावरीच्या काठी, थोड्याच अंतरावर.

सून मोबाइलमध्ये पुरावे भरून आली होती. डॉ. आनंदीबाई जोशी, 1886 मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. महर्षी कर्व्यांशी 1893 मध्ये पुनर्विवाह झाल्यावर गोदूबाईंचं नाव आनंदीबाई ठेवलं गेलं, त्याच आपल्या बाया कर्वे. "पेशव्यांच्या पुण्यातल्या लोकांनासुद्धा हे नाव चाललं आई, आणि आपल्याला चालत नाही?" मुद्दा बिनतोड होता. आजींनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघितलं.

मग मुलानं ठेवणीतला बाण काढला. "आई, तू दर चतुर्थीला नवश्या गणपतीला जातेस ना? बाळासाठी नवसही तिथंच बोललीस. ते देऊळ राघोबादादांनी आणि आनंदीबाईंनीच बांधलं म्हणतात!"

त्याला वाटलं, जिंकलो. आजी उठून निघून गेल्या.

कोंडीत पकडलेलं माणूस पटवून घेत नाही, ते फक्त गप्प होतं. आणि घरातली गप्प झालेली बाई म्हणजे भांडण मिटलेलं नसतं, मुरायला ठेवलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या शिकल्यासवरल्या मुलांना हे पटवणं मला फार जड जातं. त्यांचा माहितीवर भारी विश्वास. आजींची तक्रार इतिहासाबद्दल असती तर ती इतिहासानं सुटली असती. मला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट खटकत होती: आजी ‘आनंदीबाई’ म्हणायच्या तेव्हा त्यांच्या आवाजात राग कमी आणि लाज जास्त असायची. अडीचशे वर्षांपूर्वीच्या खुनाची आपल्याला कुणाला लाज वाटत नाही. लाज वाटते ती आपल्या स्वतःच्या गोष्टीची.

पुढच्या वेळी मी त्यांना एकट्यांना बोलावलं. चहा दिला, निफाडकडच्या थंडीविषयी बोललो, द्राक्षांचे भाव झाले. मग विचारलं, "काकू, हे नाव तुमच्या घरात शेवटचं कुणी घेतलं होतं?"

"कोणतं?"

"आनंदीबाई. पुस्तकात नाही, घरात."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. नव्या समुपदेशकांना मी हेच सांगते, की चांगला प्रश्न विचारून झाला की तोंड बंद ठेवा. ही शांतता सोसायला शिकण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि त्या दिवशी ती कामी आली.

"मला म्हणायचे," त्या म्हणाल्या.

मग सगळं आलं. निफाड तालुक्यातलं मोठं एकत्र कुटुंब, द्राक्षाचा मळा, चार भाऊ, या धाकट्या सूनबाई. नवऱ्याला सातपूरच्या कंपनीत नोकरी लागली, नाशिकला बिऱ्हाड करायचं ठरलं आणि त्यानं भावांकडे हिस्सा मागितला. मागितला नवऱ्यानं, पण बोल लागला हिला. ‘हिनंच कान भरले.’ थोरल्या जाऊबाई एकदा हळदीकुंकवाला भरल्या घरात म्हणाल्या, "या आनंदीबाई, या! आता कुणाचा काटा काढायचाय?" बायका हसल्या. ते नाव चिकटलं. पोरंटोरंसुद्धा पाठीमागून म्हणायची. वाटणी झाली, वर्षं गेली, नवरा गेला. लग्नकार्यात कुणी ‘आनंद’ म्हटलं तरी यांची मान आपोआप वळायची.

"आणि आता," त्या म्हणाल्या, "माझ्याच घरात, दिवसातून पन्नास वेळा तेच नाव हाक मारून घ्यायचं? लोक म्हणतील, आजीवर गेली."

सुनेविरुद्ध त्यांचं काही नव्हतं, आणि पेशव्यांच्या आनंदीबाईंविरुद्धही फारसं नव्हतं.

त्यांच्या संमतीनं पुढची बैठक तिघांची घेतली. आजींनी सांगितलं, जरा कमी तपशिलात. मुलगा एकदम उसळला, "मला कधी सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? तुझे बाबापण हसायचे."

त्या वाक्यानंतर मुलाला पुढचं बोलता येईना. सून मात्र उठली आणि सासूशेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. म्हणाली, "आई, मग आपण दुसरं शोधू. मला खरंच दुसरं चालेल." आणि तिला ते मनापासून चालणार होतं. इतके दिवस ती इतिहासाशी भांडत होती. समोर दुखावलेलं माणूस दिसल्यावर भांडायचं काही उरलं नाही.

मी कुटुंबाकडे एकत्र, तीन पिढ्या धरून बघणारी आहे. एकेकट्या माणसाचे विचार दुरुस्त करून घरातले तिढे सुटतात यावर माझा फारसा विश्वास नाही. नावावरून भांडण आलं की मी कागदावर घराचा वंशवृक्ष काढायला लावते आणि विचारते, हे नाव या झाडावर कुठं टोचतं? उत्तर पुराणात क्वचित सापडतं. वारलेली नणंद असते, पळून गेलेला काका असतो, एखादा टोमणा असतो. म्हणून ‘अंधश्रद्धा’ म्हणून आजीला उडवून लावू नका. आधी तिला विचारा, कुणाची आठवण येते.

नाव सोडून द्यावं असं मी कधीच सांगत नाही, असं मात्र नाही. इतिहासाची जखम ताजी असेल, ती सोसलेली माणसं आजूबाजूला जिवंत असतील आणि त्या नावाचा एकच चेहरा जगाला ठाऊक असेल, तर नाव सोडावं. जर्मनीत अडॉल्फ हे एकेकाळी सर्रास ठेवलं जाणारं नाव होतं, 1945 नंतर ते जवळजवळ नाहीसं झालं. कुणी तिथं बंडखोरी म्हणून ते ठेवलं तर हौस आई-बापांची होते आणि हजेरीच्या वेळी उत्तरं द्यायची लेकरानं. आनंदीचं तसं नाही. तिचे चेहरे पुष्कळ आहेत आणि बहुतेक हसरे आहेत.

घाईही करू नका. रुग्णालयातला फॉर्म समोर आला की आई-बाबा घाबरतात, आणि अर्धी भांडणं त्या घाईतूनच पेटतात. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण त्यात बाळाचं नाव लगेच लिहायलाच हवं असं नाही. नोंदणीनंतर 12 महिन्यांपर्यंत ते शुल्काशिवाय घालता येतं आणि विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. या घरालाही मी तेच सांगितलं: महिनाभर नावाचा विषयच काढू नका.

महिना व्हायच्या आधीच आजींचा फोन आला. "ठेवा म्हणावं आनंदी. पण बारशाला थोरल्या जाऊबाईंना आमंत्रण द्यायला मी स्वतः जाणार."

त्या गेल्या. जाऊबाई आता पंच्याऐंशीच्या, गुडघ्यांनी अधू, तरी गाडी करून आल्या. आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं, नाव मोठ्यानं सांगितलं. सून सांगत होती, की थोरल्या आजी क्षणभर गोंधळल्या, मग म्हणाल्या, "गोड आहे," आणि दुसऱ्यांदा बासुंदी मागून घेतली. त्यांना जुनं काही आठवलं की नाही ते कुणालाच कळलं नाही. आमच्या आजींनी वाढली.

आता त्या घरात नवा वाद चालू आहे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम असतो. आजींचं म्हणणं, आईचं नाव चालतं तर आजीचं का नाही? मुलानं मला फोन करून विचारलं, "मॅडम, आता काय सांगू?" मी म्हटलं, महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात आईला घेऊन जा आणि त्यांनाच विचारू दे.