बुडावर लिहिलेलं वाचा

प्रश्न : आमच्या घरी पितळेची जाड नळी आहे, एका बाजूने बंद. आई तीत निशिगंध ठेवते. पणजोबांनी ती १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, इराकमधल्या कुतच्या वेढ्यातून आणली असं सगळे सांगतात. तोंड ८४ मिमी, उंची साडेएकोणतीस सेंमी. बुडावर '१८ पीआर', रोमन दोन, कावळ्याच्या पावलासारखी खूण, '१९१७' आणि 'सीएफ' तीनदा. हे काय आहे? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : मापं दिलीत, फार बरं केलंत. ही ब्रिटिश १८ पौंडी तोफेची पुंगळी, म्हणजे गोळ्यामागची दारू जिच्यात भरतात ते नळकांडं. '१८ पीआर' म्हणजे अठरा पाउंडर, रोमन दोन म्हणजे दुसरा नमुना. पावलासारखा बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. 'सीएफ' म्हणजे कॉर्डाइट दारूचा पूर्ण भार; तीनदा आहे, म्हणजे उडवलेली पुंगळी परत आणून पुन्हा भरली गेली. उंचीही जुळते. फुलदाणीसाठी तोंड कापलेलं असतं तर उंचीने फसवलं असतं, म्हणून मी आधी बूडच वाचतो.

आता वर्ष. कुतमध्ये तुर्कांनी वेढलेल्या ब्रिटिश-हिंदी सैन्याने शरणागती पत्करली २९ एप्रिल १९१६ ला. १९१७ साली घडलेली पुंगळी त्या वेढ्यात असूच शकत नाही. पण म्हणून पणजोबांना खोटं ठरवू नका. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं आणि मेसोपोटेमियातली, म्हणजे आजच्या इराकमधली, लढाई पुढच्या वर्षीही चालू राहिली. १८ पौंडी तोफा तिथे होत्याच. तीन पिढ्यांत 'इराक'चं 'कुत' व्हायला वेळ लागत नाही. पेटीत त्यांचं डिस्चार्जचं कागदपत्र असेल तर पलटणीचं नाव आणि तारखा बघा. पुंगळी कधी घडली ते बूड सांगतं. ती कुणाच्या हातात होती ते कागदच सांगेल.

एक काम आजच करा. बुडाच्या मधोमध पेचाने बसवलेली, दारू पेटवणारी टोपी असते. तिच्यावर तोफेच्या घोड्याच्या टोल्याचा खळगा उमटलेला असेल तर ती उडालेली आहे. टोपी कोरी दिसली तर हलवू नका, ठोकू नका, पेच फिरवू नका, पोलिसांना कळवा. पुंगळीत वर गोळा बसलेला असेल तर जवळही जाऊ नका.

आणि आईंना सांगा, निशिगंध खुशाल ठेवा, पण आत वेगळा पेला ठेवून. चिंच लावून बूड घासू नका. ती अक्षरं उथळ असतात, दरवर्षीच्या दिवाळीत थोडी थोडी जातात.